प्रायमर लावा, पण त्वचेशी जुळवून

मे महिन्यातलं लग्न. मुहूर्त दुपारचा. नवरीची आई पहाटेपासून कामात होती. रुखवत मांडून झालं, भटजींच्या यादीतलं सामान काढून दिलं, पाहुण्यांचा चहा आटोपला आणि दहाच्या सुमारास ती घाईघाईनं आरशासमोर बसली. मुलीनं खास आईसाठी आणलेल्या बाटल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. तिनं सीरम लावलं, त्यावर क्रीम, त्यावर सनस्क्रीन, मग प्रायमर आणि लगोलग फाउंडेशन. सगळं पाच मिनिटांत उरकलं. पण फाउंडेशन नीट पसरावं म्हणून बोटं फिरवली मात्र, खोडरबरानं खोडल्यावर कागदावर जसे कण जमतात तसे कण गालांवर आणि कपाळावर जमू लागले. तिनं ते पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तोंड धुऊन आली तेव्हा गाल लाल झाले होते आणि डोळे भरून आले होते.

‘‘माझी कातडीच वाईट. मला नाही जमायचे हे नखरे,’’ ती म्हणाली.

धाकटी नणंद दारातून सगळं पाहत होती. ‘‘वहिनी, तुमच्या त्वचेचा काही दोष नाही हो. तुम्ही पाच थर एकावर एक चढवलेत आणि एकालाही बसायला वेळ दिला नाहीत,’’ असं म्हणत तिनं वहिनींना पंख्याखाली बसवलं, तोंडाला गार पाण्याचा रुमाल दिला आणि दहा मिनिटं काहीही लावू दिलं नाही. मग सीरमची बाटली बाजूला ठेवून, बाकीच्यांतलं थोडं थोडं घेऊन तिनंच मेकअप केला. तो संध्याकाळपर्यंत नीट टिकला. प्रसाधनं तीच होती आणि चेहराही तोच. फक्त प्रमाण, क्रम आणि मधला वेळ सांभाळला गेला होता.

अशी फजिती पुष्कळजणींची होते आणि दोष मात्र स्वतःच्या त्वचेला दिला जातो. खरं तर प्रायमर निवडताना पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की त्याच्याखाली आधी काय लावलेलं असणार आहे?

रंगाआधीचा हात

घराला रंग देताना रंगारी भिंतीवर थेट रंग फासत नाही. तो भिंत घासतो, लांबी भरतो, ती वाळू देतो आणि मग प्रायमरचा हात मारतो. भिंतीत ओल असेल, तर वरचा रंग कितीही भारी असला तरी पोपडे निघतात. मेकअपच्या प्रायमरचं कामही असंच आहे. क्रीम आणि सनस्क्रीन लावलेली त्वचा एका बाजूला आणि फाउंडेशन दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये बसणारा हा पातळ थर आहे.

कल्पना काही आजची नाही. आजीच्या काळात ‘स्नो-पावडर करणं’ असा शब्दप्रयोगच होता. १९१९ मध्ये ई. एस. पाटणवाला यांनी मुंबईत सुरू केलेला ‘अफगाण स्नो’ कितीतरी घरांच्या फडताळात असे. अशा प्रकारच्या ‘व्हॅनिशिंग’ क्रीममध्ये मुख्यतः स्टिअरिक आम्ल, पाणी आणि ग्लिसरीन असतं. ते लावल्यावर पाणी उडून जातं आणि चेहऱ्यावर न चकाकणारा पातळ थर उरतो. त्यावर पावडर धरून राहते. आजचा प्रायमर हेच काम करतो. त्यातले घटक तेवढे बदलले आहेत.

काय करतो, काय करत नाही

चांगला प्रायमर बारीक सुरकुत्या आणि रंध्रांचे खळगे तात्पुरते भरतो, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. काही प्रायमरमधले सूक्ष्म कण प्रकाश विखरून टाकतात, म्हणून खळगे कमी जाणवतात. फाउंडेशन सारखं पसरतं आणि जास्त वेळ टिकतं.

मात्र प्रायमरमुळे रंध्रं ‘बंद’ होत नाहीत. दारासारखं उघडायला-मिटायला रंध्रांना स्नायूच नसतात. प्रायमरनं घाम थांबत नाही, मुरमं बरी होत नाहीत की डाग जात नाहीत. चेहरा धुतला की त्याचं काम संपलं.

म्हणून तो रोज लावायलाच हवा असंही नाही. पावडर, काजळ आणि टिकली लावून ऑफिसला जाणारीला मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरेसं आहे. लग्नकार्य, स्टेजवरचा कार्यक्रम, फोटो काढायचे असतील असा दिवस, अशा वेळी फाउंडेशन लावणार असाल तरच प्रायमर उपयोगी पडतो.

पाकिटाची मागची बाजू वाचा

समोरच्या बाजूला ‘पोरलेस’, ‘ग्लो’, ‘चोवीस तास’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. खरी माहिती मागे बारीक अक्षरांत असते. आपल्याकडच्या नियमांनुसार प्रसाधनातल्या एक टक्क्याहून जास्त असलेल्या घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागतात. म्हणजे जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. पहिली पाच-सहा नावं वाचली तरी प्रायमरची जात कळते.

• डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी ‘कोन’ किंवा ‘सिलॉक्सेन’नं संपणारी नावं आधी आली, तर तो सिलिकॉनचा प्रायमर. बोटांना तो रेशमी, घसरता लागतो. रंध्रांचे खळगे भरण्यात तो तरबेज असतो आणि पाण्यानं सहज विरघळत नाही, म्हणून दमट हवेत बरा टिकतो.

• पाणी, ग्लिसरीन, हायलुरोनिक आम्ल ही नावं आधी असतील आणि यादीत सिलिकॉन जवळजवळ नसेल, तर तो पाण्याचा प्रायमर. तो हलका असतो आणि कोरड्या त्वचेला सुखावतो, पण खळगे फारसे भरत नाही.

• सिलिका किंवा केओलिन म्हणजे चिनी माती वरच्या नावांत असेल, तर तो तेल टिपणारा ‘मॅट’ प्रायमर.

• अभ्रक म्हणजे मायका असेल, तर तो चमक देणारा प्रायमर. तो गालांच्या उंचवट्यावर शोभतो, पण मुरमांवर आणि सुरकुत्यांवर लावला तर त्याच अधिक उठून दिसतात.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं असलं म्हणजे मुरमं येणारच नाहीत अशी हमी समजू नका. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख नसलेली वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पाकिटावर उघड्या डबीचं चित्र आणि आत ‘१२ एम’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवा. लग्नात एकदा वापरलेला प्रायमर तीन वर्षांनी दुसऱ्या लग्नासाठी कपाटातून काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

खाली काय, वर काय?

आता मूळ मुद्दा. प्रायमर ज्या थरावर बसणार तो शेवटचा थर बहुधा सनस्क्रीनचा असतो. तेव्हा त्याचीही यादी वाचा. पाण्याच्या पातळ जेलवर सिलिकॉनचा जाड थर दिला आणि वर पाण्याचं फाउंडेशन लावलं, तर थर एकमेकांना धरत नाहीत, सरकतात. साधारणपणे सिलिकॉनवर सिलिकॉन आणि पाण्यावर पाणी चांगलं बसतं.

पण हा ढोबळ ठोकताळा आहे. बरीच प्रसाधनं पाणी, तेल आणि सिलिकॉन यांच्या मिश्रणानं बनतात. त्यामुळे शेवटचा निर्णय आपल्याच चेहऱ्यावर करून पाहिल्याशिवाय लागत नाही. घरीच असाल अशा एखाद्या रविवारी अर्ध्या चेहऱ्यावर नेहमीचं क्रीम, सनस्क्रीन, प्रायमर आणि फाउंडेशन लावा. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर प्रायमर सोडून बाकी सगळं लावा. तीन-चार तास घरकाम करा आणि मग उजेडात आरशात पाहा. दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील, तर तो खर्च वाचला.

असं बऱ्याचदा होतंही. हल्लीची अनेक ‘मॅट’ सनस्क्रीन स्वतःच सिलिकॉनची असतात. ती लावल्यावर चेहरा आधीच मखमली लागतो. तिथं प्रायमरचं निम्मं काम झालेलंच असतं. त्यावर आणखी एक थर दिला की कण निघायला कारण मिळतं.

सीरम आणि जेलमध्ये घट्टपणासाठी कार्बोमर किंवा झँथन गम घालतात. त्यांचे दोन-तीन थर साचले आणि वरून बोटं घासली की त्यांच्याच वळ्या निघतात. म्हणून समारंभाच्या सकाळी सीरमला सुट्टी द्यावी. रेटिनॉल किंवा आम्लयुक्त प्रसाधनं रात्री वापरत असाल आणि त्वचेचे पापुद्रे निघत असतील, तर त्यावर कोणताच प्रायमर नीट बसणार नाही. अशी प्रसाधनं समारंभाच्या चार-पाच दिवस आधी थांबवलेली बरी. डॉक्टरांनी दिलेलं औषध असेल, तर मात्र त्यांना विचारूनच थांबवा. गरोदरपणात रेटिनॉल टाळतात हेही ध्यानात असू द्या.

कोणत्या त्वचेला कोणता?

तेलकट त्वचा : मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत मॅट किंवा सिलिकॉनचा प्रायमर चांगला. तोही सगळ्या चेहऱ्याला नको, कपाळ, नाक आणि हनुवटीपुरताच पुरे. तेलकट त्वचेलाही आधी हलकं मॉइश्चरायझर हवं.

कोरडी त्वचा : नागपूर-अकोल्याचा कोरडा उन्हाळा असो की दिल्ली-इंदूरची थंडी, आधी क्रीम भरपूर मुरू द्या आणि मग पाण्याचा प्रायमर वापरा. मॅट प्रायमर कोरड्या त्वचेवर पिठूळ दिसतो.

मिश्र त्वचा : दोन प्रायमर विकत घ्यायची गरज नाही. तेलकट भागावर प्रायमर लावा, गालांवर नुसतं क्रीम राहू द्या.

पन्नाशीपुढची त्वचा : इथं कमीत कमी वापरावं. सुरकुत्यांमध्ये साचलेला प्रायमर आणि फाउंडेशन वय वाढवून दाखवतं. चांगलं मुरलेलं क्रीम आणि नाकाच्या बाजूला प्रायमरचं बोट एवढं पुरतं.

रंगीत प्रायमर : हिरवा लाली झाकतो. डोळ्यांखालच्या काळसर-निळसर छटेवर पीच किंवा नारिंगी चालतो. जांभळट प्रायमर पिवळेपणा कमी करण्यासाठी असतो, पण गव्हाळ आणि सावळ्या रंगावर तो राखट दिसू शकतो. दुकानातल्या दिव्याखाली नाही, तर बाहेर उजेडात पाहूनच घ्यावा.

नवा प्रायमर आणल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहा. सकाळ-संध्याकाळ त्याच जागी आठवडाभर लावूनही खाज, लाली आली नाही तरच चेहऱ्याला लावा. ॲलर्जी कधी कधी दोन-तीन दिवसांनी उमटते, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी नवी वस्तू उघडू नये. आदल्या दिवशी ब्लीच आणि घासून केलेला स्क्रब हेही नकोच.

सनस्क्रीनची जागा प्रायमरला नको

‘एसपीएफ’ लिहिलेला प्रायमर घेतला की सनस्क्रीनचे पैसे वाचले, असं अनेकींना वाटतं. इथंच घोटाळा होतो. एसपीएफचा आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढं प्रसाधन लावलेलं असतं. चेहरा आणि मान मिळून साधारण दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन लागतं. प्रायमर मात्र वाटाण्याएवढाच लावला जातो. मग पाकिटावरचं संरक्षण मिळणार कुठून? शिवाय सनस्क्रीनचा ३० आणि प्रायमरचा २० मिळून ५० होत नाहीत.

वांग असलेल्यांनी तर याबाबत अधिक दक्ष राहायला हवं. वांग केवळ अतिनील किरणांनीच नाही, तर दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतं. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन उपयोगी पडतं. त्या रंगानं डागही थोडे झाकले जातात आणि पुष्कळदा वर फाउंडेशन कमी लागतं. मात्र झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनमुळे फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरट येऊ शकतो. घरी एक फोटो काढून आधीच खात्री करून घ्या.

उन्हात असाल तर सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. मेकअपवर ते नीट लावणं कठीण. म्हणून भर दुपारच्या वरातीत छत्रीची लाज वाटू देऊ नका.

लावायची रीत

१. चेहरा सौम्य फेसवॉशनं धुऊन टिपून घ्या, घासू नका.

२. त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा आणि पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात साडीच्या निऱ्या करून होतात.

३. सनस्क्रीन लावा. ते बसायला दहा-पंधरा मिनिटं द्या. या वेळात केस विंचरा, गजरा माळा.

४. बोटाची पाठ गालाला लावून पाहा. चिकट लागलं तर टिपकागद हलकेच दाबून जास्तीचा ओलावा काढा.

५. वाटाण्याएवढा प्रायमर घ्या. पूर्ण चेहऱ्याला तेवढा पुरतो. नाकापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, बोटांनी थापटत पातळ पसरा. मागे-पुढे घासू नका. पापण्या आणि डोळ्यांचे कोपरे वगळा.

६. दोन-तीन मिनिटांनी फाउंडेशन ओलसर स्पंजनं टिपत लावा.

कण निघालेच तर वरून आणखी काही फासू नका. कोरड्या मऊ ब्रशनं ते झटका, तेवढ्याच भागावर ओल्या स्पंजनं टिपा आणि थोडं फाउंडेशन पुन्हा लावा. सगळ्या चेहऱ्यावर कण असतील, तर धुऊन सुरुवातीपासून केलेलं बरं. मात्र दुसऱ्या वेळी प्रत्येक वस्तू निम्मीच घ्या. घाई असेल तर सनस्क्रीन ठेवा आणि प्रायमर गाळा.

रात्री कितीही थकवा आला तरी मेकअप उतरवूनच झोपा. सिलिकॉन नुसत्या पाण्यानं जात नाही. आधी क्लिन्झिंग मिल्क, क्लिन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटरनं पुसा, मग फेसवॉश वापरा. मुरमं येणाऱ्या त्वचेवर खोबरेल तेल चोळू नका, त्यानं रंध्रं बुजू शकतात.

जे झाकायचं नाही

लग्नातली ती गोष्ट इथं संपली नव्हती. मेकअपचं सामान आवरताना नणंदेच्या हाती एक अर्धी संपलेली ट्यूब लागली. वहिनींनी वांग जावं म्हणून ती औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांना न विचारता आणली होती आणि वर्षभर रोज लावत होत्या. सुरुवातीला चेहरा उजळला. पुढे उन्हात गेलं की आग व्हायला लागली, गाल लाल राहू लागले. ती लाली झाकायलाच प्रायमर आणि फाउंडेशन हवं होतं. ट्यूबवर मोमेटासोनचं नाव होतं.

मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइड औषधं आहेत. योग्य आजारात, योग्य मुदतीपुरती ती गुणकारी असतात. पण गोरं होण्याचं क्रीम समजून महिनोन् महिने चेहऱ्यावर लावली, तर त्वचा पातळ होते, लाल राहते, मुरमं येतात, चेहऱ्यावर लव वाढते. क्रीम बंद केलं की त्रास उसळतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायच्या चौदा स्टिरॉइड औषधांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये असा नियम केला, तो याच गैरवापरामुळे. तरीही शेजारणीनं सांगितलेली ट्यूब दुकानातून आणण्याची सवय पुष्कळ घरांत आहे.

आग होणारी, सतत लाल असणारी, सोलवटणारी किंवा पू धरलेली त्वचा ही मेकअपची अडचण नाही. तिथं प्रायमरचा थर म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. भिंत काही काळ बरी दिसेल, पण ओल आत वाढतच राहील. अशा वेळी जुन्या ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. स्टिरॉइड बरेच दिवस लावलं असेल, तर ते एकदम सोडायचं की हळूहळू, हेही त्यांनीच ठरवायचं.

नवरीची पाठवणी झाल्यावर तिसऱ्या दिवशी नणंद वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्वचा शांत व्हायला काही महिने लागले. दिवाळीला लेक-जावई आले तेव्हा आईच्या चेहऱ्यावर फक्त क्रीम, किंचित रंगाचं सनस्क्रीन आणि कुंकू होतं. वांग थोडं दिसत होतं. लेकीनं आणलेली प्रायमरची बाटली मात्र जवळजवळ तशीच भरलेली होती.

‘‘आवडला नाही का गं तुला?’’ मुलीनं विचारलं.

‘‘आवडला की. पण आता तो केव्हा लावायचा ते कळलंय,’’ आई म्हणाली आणि हसत फराळाची ताटं भरायला उठली.